पेन्शन मधोमध कापता येत नाही: गोव्यातल्या घटस्फोटात तिचा हिशेब कसा मांडायचा

फोंड्याला आमच्या ओसरीवर बसून तिने प्लास्टिकच्या पिशवीतून एकेक कागद काढला. घराचा एक-चौदाचा उतारा (गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद), सोनाराच्या पावत्या, बँकेची दोन पासबुकं, स्कूटरचं आरसी बुक. सव्वीस वर्षांचा संसार, नवरा सरकारी नोकरीत, निवृत्तीला वर्षभर उरलेलं. नवऱ्याच्या नोकरीचा मात्र एकही कागद पिशवीत नव्हता. मी विचारलं, "आणि पेन्शनचं काय?" ती म्हणाली, "ती त्याची ना काकू. ती कशी वाटणार?"

मी वकील नाही, जन्मभर हिशेबाची कामं केलेली बाई आहे. तरी एवढं खात्रीने सांगते की पगारदार माणसाच्या घरात पेन्शन, फंड आणि ग्रॅच्युइटी यांची बेरीज बऱ्याचदा फ्लॅटच्या किमतीला येऊन भिडते. पण सोनं दिसतं, घर दिसतं, पेन्शन दिसत नाही. म्हणून लोक कढई-पातेल्यांवरून भांडतात आणि पन्नास लाखांच्या ऐवजावर न बोलता सही करून मोकळे होतात.

पहिल्यांदाच या वाटेला लागलेल्यांनी कामं कोणत्या क्रमाने करावीत, ते खाली लिहिते आहे.

पायरी १: लग्नाचा कागद काढा

गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता कौटुंबिक बाबतीत आजही लागू आहे, हे सगळ्यांना ऐकून माहीत असतं. तिचा आपल्या खिशाशी काय संबंध, हे फार थोड्यांना माहीत असतं. निबंधकासमोर लग्नाची पहिली सही आणि दुसरी सही होते, तेव्हा आपण छायाचित्रकाराकडे बघत असतो. पण लग्नाआधी वेगळा करार नोंदवलेला नसेल, तर तुम्ही आपोआप संपूर्ण समाईक मालमत्तेच्या पद्धतीत जाता. म्हणजे दोघांचं आधीचं, नंतरचं, कमावलेलं, वारशाने आलेलं, थोडे अपवाद सोडले तर सगळं एका पेटीत पडतं आणि त्या पेटीत दोघांचा अर्धा अर्धा वाटा असतो. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान, सगळ्यांना हेच.

लग्नाआधी करार केला असेल तर चित्र बदलतं. मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवलेली असू शकते, किंवा फक्त लग्नानंतर कमावलेलं समाईक असू शकतं. लग्नानंतर ही पद्धत बदलता येत नाही. "आम्ही दोघांनी मागाहून स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलं होतं" असं म्हणणारे भेटतात, त्या कागदाने पद्धत बदलत नाही.

सावंतवाडी-कुडाळकडून नोकरीसाठी गोव्यात आलेल्या, तिकडे हिंदू विवाह कायद्याने लग्न लागलेल्या जोडप्यांनी इथेच थांबून वकिलाला विचारावं. त्यांच्यासाठी हा अर्ध्याचा नियम गृहीत धरता येत नाही. त्यांचा मुख्य आधार म्हणजे त्या कायद्याच्या कलम २५ खालची कायमची पोटगी. पेन्शनचं मूल्य काढण्याची रीत मात्र त्यांनाही उपयोगी पडेल.

पायरी २: 'पेन्शन' या एका शब्दात काय काय दडलंय ते वेगळं करा

इथे घाई करू नका. लोक सगळ्याला सरसकट पेन्शन म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या जातीच्या गोष्टी असतात. एक म्हणजे साठलेला पैसा, ज्याचा आकडा आज दाखवता येतो. दुसरी म्हणजे जिवंत असेपर्यंत दरमहा येणारी रक्कम. तिचा साठा कुठेच नसतो.

साठलेल्या पैशात येतो भविष्य निर्वाह निधी, मग तो कारखान्यातला ईपीएफ असो वा सरकारी जीपीएफ. एनपीएसचं, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचं, खातंही यातच. गोवा सरकारच्या नोकरीत ५ ऑगस्ट २००५ पासून लागलेले लोक एनपीएसमध्ये आहेत, त्याआधीचे जुन्या पेन्शनमध्ये. तेव्हा नोकरीला लागल्याची तारीख हाच पहिला प्रश्न. ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेचे पैसेही याच यादीत धरा. सरकारी नोकरीत रजेचे जास्तीत जास्त ३०० दिवसांचे पैसे मिळतात, आणि ती रक्कम चहापाण्यापुरती मुळीच नसते.

दरमहा येणाऱ्यात जुनी सरकारी पेन्शन आणि खासगी नोकरदारांची १९९५ ची ईपीएस, म्हणजे कर्मचारी पेन्शन योजना. वेर्णा, कुंडई, कुंकळ्ळीच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्यांची ईपीएस बघून बायका हिरमुसतात. तिचं सूत्र असं: पेन्शनपात्र पगार गुणिले सेवेची वर्षं भागिले ७०. पगाराची मर्यादा १५,००० रुपये धरली तर ३० वर्षांच्या नोकरीला महिन्याला सुमारे ६,४२८ रुपये होतात. अशा घरात भांडण पेन्शनवर नको, ईपीएफच्या शिल्लकीवर करा.

आखातात राहिलेल्यांची गोष्ट वेगळी. दुबई-कुवेतच्या खासगी नोकरीत आपल्या लोकांना पेन्शन नसते, नोकरी संपताना एकदाच रक्कम मिळते. ती आली की बँकेतून कुठे गेली, हे शोधावं लागतं.

पायरी ३: कागद मिळवा

ईपीएफचं पासबुक उमंग ॲपवर दिसतं, पण ज्याचं खातं त्यालाच. एनपीएसचं व्यवहार विवरणही तसंच. सरकारी नोकराची सेवापुस्तिका कार्यालयात असते. गोव्यात पेन्शनचा हिशेब लेखा संचालनालयात होतो आणि निवृत्तीनंतर पेन्शन अदायगी आदेश, म्हणजे पीपीओ निघतो. निवृत्त माणसाच्या बाबतीत हा एक कागद मिळाला तरी निम्मं काम झालं. मूळ पेन्शन किती, त्यातली एकरकमी पैशांच्या बदल्यात किती विकली आणि त्याच्या मागे मिळणारं कुटुंब निवृत्तिवेतन किती, हे तिन्ही आकडे त्यावर असतात.

समोरचा कागद देत नसेल तर रुसून बसू नका, कोर्टाकडून मागवा. पोटगीचा अर्ज असेल तर सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० सालच्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालाने दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं सविस्तर शपथपत्र देणं बंधनकारक केलं आहे. त्यातले निवृत्तीच्या लाभांचे रकाने कोरे सोडलेले दिसले की वकिलाला बोट ठेवून दाखवा. मालकाकडून, खात्याकडून थेट कागद मागवण्याचा अर्जही करता येतो.

आणखी एक जागा तपासायची ती फंडातून काढलेल्या उचलीची. गेल्या तीन-चार वर्षांत जीपीएफ किंवा ईपीएफमधून मोठी रक्कम निघाली असेल, तर ती घराच्या छपराला गेली की भावाच्या खात्यात, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

पायरी ४: आकडा काढा

साठलेल्या पैशाला गणित लागत नाही. एक तारीख ठरवा, त्या दिवशीची शिल्लक लिहा. ग्रॅच्युइटी अजून मिळालेली नसेल तर खासगी नोकरीत शेवटचा पगार गुणिले १५ भागिले २६ गुणिले नोकरीची वर्षं, एवढं कागदावर मांडता येतं.

खरी डोकेदुखी दरमहा येणाऱ्या पेन्शनची. माझ्या ओसरीवरच्या त्या बाईचा हिशेब आम्ही असा मांडला. नवऱ्याचा शेवटचा मूळ पगार ६०,००० धरला. जुन्या पेन्शनमध्ये त्याचे ५० टक्के म्हणजे ३०,००० रुपये महिना. वर्षाचे ३ लाख ६० हजार.

पहिली रीत सरकारनेच दिलेली आहे. पेन्शनचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्यासाठी वयानुसार एक गुणक ठरलेला आहे. साठाव्या वर्षी निवृत्त होणाऱ्यासाठी तो ८.१९४ आहे. ३,६०,००० गुणिले ८.१९४ केलं की २९ लाख ४९ हजार ८४० येतात. प्रत्यक्षात ४० टक्केच पेन्शन विकता येते, पण अख्ख्या पेन्शनचं मोल लावायला हा गुणक हाताशी आहे आणि 'हा आकडा सरकारी तक्त्यातला आहे' असं छाती ठोकून सांगता येतं. त्याची खोट ही की त्यात महागाई भत्त्याची वाढ धरलेली नाही. विकलेला भाग १५ वर्षांनी पेन्शनमध्ये परत जोडला जातो, म्हणजे हा गुणक आयुष्यभराचा म्हणावा तर तसाही नाही.

दुसरी रीत बँकेच्या व्याजाची. पुढची २० वर्षं दरवर्षी ३ लाख ६० हजार मिळणार आहेत, आणि पैशाला ७ टक्के व्याज मिळतं असं धरलं, तर आजची किंमत सुमारे ३८ लाख होते. यातही पेन्शन वाढत नाही असं मानलं आहे.

तिसऱ्या रीतीत पेन्शन महागाईबरोबर दरवर्षी ५ टक्क्यांनी वाढेल असं धरायचं. बाकी आकडे तेच. आता उत्तर येतं सुमारे ५६ लाख ६० हजार.

त्या बाईने तिन्ही आकडे वहीत एकाखाली एक लिहिले, २९, ३८, ५६, आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिली. मग विचारलं, "यातला खरा कुठला?" खरा असा कुठलाच नाही. पेन्शन घेणारा किती जगेल आणि भत्ता किती वाढेल, हे देवाला ठाऊक. पण तुमच्याकडे आकडा नसेल तर समोरचा म्हणतो पेन्शनची किंमत शून्य, आणि वाटाघाट तिथूनच सुरू होते. माझं मत विचाराल तर सरकारी गुणकाचा आकडा हा तळ धरा, वाढीसह काढलेला हा माथा धरा, आणि बोलणी या दोन्हींच्या मध्ये ठेवा. रक्कम मोठी असेल तर विमागणितज्ञाची फी देऊन अहवाल घ्या. ती न परवडल्यास विमा कंपनीकडून कोटेशन आणा: याच वयाच्या माणसाला आजपासून महिना ३०,००० हवे असतील तर आज किती पैसे भरावे लागतील? हा बाजारभाव झाला, आणि तो न्यायाधीशांनाही चटकन कळतो.

नोकरीतली काही वर्षं लग्नाआधीची असतील तर? संपूर्ण समाईक पद्धतीत साठलेल्या फंडाच्या बाबतीत हा प्रश्न फारसा उरत नाही, कारण लग्नाआधीचंही पेटीत पडलेलं असतं. पण करारात 'फक्त लग्नानंतरचं समाईक' असेल, तर अपूर्णांक लावा. ३० वर्षांच्या नोकरीत लग्नाची २४ वर्षं असतील तर ८० टक्के समाईक, त्याचा अर्धा म्हणजे ४० टक्के.

आणि हे सगळं दोन्ही बाजूंनी चालतं. बायको शिक्षिका, पेन्शन तिची, आणि नवऱ्याचा बार कर्जात बुडालेला, अशी घरंही आहेत. पेटीत ऐवज पडतो तसं कर्जही पडतं. आपल्या बाजूचा हिशेब आधी करा.

पायरी ५: हरवणाऱ्या पेन्शनची किंमत वेगळी लिहा

ही पायरी जवळजवळ सगळेजण चुकवतात. सरकारी पेन्शनर गेल्यावर त्याच्या पत्नीला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, साधारण शेवटच्या पगाराच्या ३० टक्के. आपल्या उदाहरणात १८,००० रुपये महिना, वर महागाई भत्ता. घटस्फोटाचा निवाडा झाला की हा हक्क संपतो. सव्वीस वर्षं संसार केलेल्या बाईला काही नाही, आणि त्याने निवृत्तीनंतर दुसरं लग्न केलं तर ते नव्या पत्नीला मिळतं. हे ऐकून ती बाई हसली, पण ते हसू चांगलं नव्हतं.

मुलांचा हक्क मात्र घटस्फोटाने जात नाही. वय, लग्न आणि कमाईच्या अटींत बसेपर्यंत तो राहतो. आणि निवाडा होईपर्यंत पत्नी ती पत्नीच असते, नुसता अर्ज पडून असल्याने काही बिघडत नाही. म्हणून नवरा सत्तरीचा, आजारी, आणि घटस्फोटाची घाई त्यालाच असेल, तर सही करण्याआधी हा १८,००० चा आकडा मनाशी धरा. नवरा-बायकोच्या वयात जितकं अंतर जास्त, तितका तो जड.

पायरी ६: पेन्शन तोडू नका, तिच्या बदल्यात दुसरं घ्या

इंग्लंडमध्ये डिसेंबर २००० पासून कोर्ट पेन्शनचाच तुकडा पाडून दुसऱ्याच्या नावे करू शकतं. स्विंडनला गेलेल्या आपल्या लोकांच्या तिकडच्या पेन्शनला ते लागू पडतं, पण आदेश तिकडच्या कोर्टाचा लागतो, इथला निवाडा ब्रिटिश पेन्शन कंपनीला पाठवून भागत नाही. आपल्याकडे तसा आदेशच नाही. १८७१ च्या पेन्शन कायद्याने पेन्शनवर जप्ती आणायला मनाई आहे, आणि पुढे मिळणारी पेन्शन आगाऊ दुसऱ्याच्या नावे लिहून देणंही रद्दबातल ठरतं. संमतीच्या करारात 'अर्धी पेन्शन खात्याने थेट पत्नीच्या खात्यात भरावी' असं वाक्य लिहून खूश झालेले लोक पाहिले आहेत. त्या वाक्याने खात्याचे हात बांधले जात नाहीत.

मग करायचं काय? गोव्यात घटस्फोटानंतरची वाटणी इन्व्हेंटरीच्या दाव्यात होते, २०१२ च्या गोवा उत्तराधिकार, विशेष नोटरी आणि इन्व्हेंटरी कायद्याखाली. एकजण मालमत्तेचा कारभारी म्हणून यादी देतो, जुने वकील त्याला अजून 'काबेस द कझाल' म्हणतात. यादीवर हरकती येतात, मूल्य ठरतं, दोघे आपसात बोली लावतात, आणि ज्याच्याकडे जास्त गेलं त्याने दुसऱ्याला फरक रोख द्यायचा. साठलेला फंड, एनपीएस, मिळालेली ग्रॅच्युइटी या यादीत लिहायला लावा. समोरून हरकत येईल, येऊ द्या. यादीत नसलेल्या वस्तूवर मात्र कोणीच बोलत नाही.

दरमहा पेन्शनसाठी सगळ्यात सोयीचा रस्ता तडजोडीचा. पेन्शन त्याची त्याला राहू दे, तिच्या आकड्याइतका जास्तीचा वाटा घरात, भाटात (माडाच्या बागायतीत), मुदत ठेवीत घ्या. त्या बाईने शेवटी तेच केलं. पेन्शनवर पाणी सोडलं आणि फ्लॅट अर्ध्याऐवजी पूर्ण घेतला. रोकड कमी मिळाली, पण घराचं दार तिचं.

परस्पर संमतीने घटस्फोट घेणार असाल, ज्यासाठी १९१० च्या घटस्फोट कायद्याप्रमाणे लग्नाला दोन वर्षं आणि दोघांच्या वयाला २५ पूर्ण लागतात, तर ही वाटणी अर्जाच्या वेळीच लिहून काढा. 'फंडाचं मागाहून बघू' असं कुणी म्हणालं की समजा, ते मागाहून कधीच येत नाही.

बदली द्यायला काहीच नसेल, भाड्याची खोली आणि पेन्शन एवढंच असेल, तर पोटगी. इथे एक गोष्ट बायकांच्या बाजूची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ साली म्हटलं आहे की पोटगी मागणारी पत्नी ही सावकार नव्हे, त्यामुळे तिच्या पोटगीपुरतं पेन्शनला जप्तीपासूनचं संरक्षण मिळत नाही. आपलं पर्वरीचं खंडपीठ त्याच उच्च न्यायालयाचं. पोटगी ठरवताना दरवर्षी वाढीचा टक्का लिहून घ्या, नाहीतर महागाई भत्ता त्याचा वाढेल आणि तुमची रक्कम दहा वर्षं तिथेच. शिवाय तो गेला की पेन्शनही गेली आणि पोटगीही. त्यासाठी त्याच्या आयुष्याचा टर्म विमा, हप्ता त्याने भरायचा आणि रक्कम तुम्हाला, अशी अट घालता येते.

पायरी ७: कर

थोडक्यात सांगते. गोव्यातल्या समाईक पद्धतीच्या जोडप्यांचं भाडं, व्याज वगैरे उत्पन्न करासाठी अर्धं अर्धं होतं, १९६१ च्या आयकर कायद्यात त्यासाठी कलम ५ए आणलं गेलं. पगार मात्र ज्याचा त्याचाच. पेन्शन करासाठी पगारातच मोडते. तेव्हा "रिटर्नमध्ये पेन्शन माझ्या एकट्याच्या नावावर आहे, म्हणजे ती समाईक नाही" हा युक्तिवाद ऐकू आला तर दचकू नका, तो फक्त कराचा नियम आहे. एकरकमी मिळालेल्या पोटगीवर मुंबई उच्च न्यायालयाच्या जुन्या निकालाप्रमाणे उत्पन्न म्हणून कर लागत नाही, दरमहाच्या पोटगीवर लागतो. रक्कम ठरवण्याआधी सीएला अर्धा तास भेटा.

पायरी ८: निवाड्यानंतरच्या सह्या

निवाड्याच्या प्रमाणित प्रती चार-पाच काढून ठेवा, प्रत्येक खिडकीवर एक मागतात. पेन्शन तुमची असेल तर कार्यालयातला कुटुंबाच्या तपशिलाचा फॉर्म नव्याने भरा. ईपीएफ, एनपीएस, विमा, बँक, प्रत्येक ठिकाणचं नामनिर्देशन स्वतः उघडून बघा, घटस्फोटाने ते आपोआप बदललं असं धरून चालू नका. मुलांची नावं तपशिलात राहिली आहेत ना, हे दुसऱ्या बाजूच्या व्यक्तीने कोर्टामार्फत लेखी मागून घ्यावं. आणि तडजोडीत फ्लॅट मिळाला असेल तर पुढच्याच आठवड्यात सोसायटीच्या आणि घरपट्टीच्या नोंदी स्वतःच्या नावावर करायला द्या. त्या बाईने ते काम पावसाळ्यानंतर करू म्हणून ठेवलं आणि तिला पंचायतीत तीन फेऱ्या जास्तीच्या घालाव्या लागल्या.